कान 'नॉर्मल', तरी मुलगा 'काय?' म्हणतोच (आणि सासऱ्यांचा टीव्ही)

इंदिरानगरकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मुलगा तिसरीत आहे. पहिलीपासून प्रत्येक पालकसभेत एकच शेरा: हुशार आहे, पण लक्ष नसतं. गणितं पटापट सोडवतो, गोष्टीची पुस्तकं स्वतःहून काढून वाचतो. शुद्धलेखन घातलं की मात्र गडबड. 'पाठ' सांगितलं तर 'काठ' लिहितो, 'सात'चा 'हात' होतो. घरी तिसऱ्या हाकेला 'काय?' येतं. तेच समोर बसून बोललं तर एक अक्षर चुकत नाही. शाळेतून आला की दप्तर फेकतो आणि अर्धा तास पलंगावर पालथा पडून राहतो, कोणी बोललेलं चालत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत कान तपासून घेतले. बंद खोलीत हेडफोन लावून शिट्ट्या ऐकवतात ती तपासणी. रिपोर्ट 'नॉर्मल'. त्यावर नवऱ्याचं मत: झालं समाधान? नाटकं आहेत सगळी. आता पावसाळा सुरू झाल्यापासून तर शाळेतून आठवड्याला चिठ्ठी येतेय.

दुसरं प्रकरण सासऱ्यांचं. त्यांची अख्खी नोकरी सातपूरला कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा ठोकून भाग बनवतात तिथे) गेली. टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. नवऱ्याचं बोलणं त्यांना ऐकू येतं, माझं आणि मुलाचं नाही. 'मोठ्याने बोल ना गं' म्हणतात आणि मोठ्याने बोललं की 'ओरडतेस कशाला, बहिरा नाहीये मी'. रविवारी मिसळ खायला गंगापूर रोडला गेलो की हा एरवीचा बोलका माणूस गप्प. सगळे हसले की मागून एकटे हसतात.

'लक्ष नाही' आणि 'ऐकू येत नाही' यातला फरक घरच्या घरी ओळखता येतो का? मुलाला नेमकं कोणाकडे न्यायचं? कानाच्या डॉक्टरकडे, की समुपदेशकाकडे?

तर्रीबाज

सासऱ्यांच्या बाबतीत: आमच्या वडिलांना पण फक्त आईचं ऐकू येत नाही. चाळीस वर्षांचा सराव आहे तो. 😄
मुलाचं मात्र मनावर घ्या. तज्ज्ञांच्या प्रतिसादाची वाट बघतोय.

कानसेन

ऑडिओलॉजिस्ट आहे, नाशकातच. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण काय बघायचं ते सांगते.

आधी मे महिन्यातला रिपोर्ट. ती शिट्ट्यांची तपासणी म्हणजे प्युअर टोन. शांत खोलीत एका वेळी एकच स्वर ऐकवतात, साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचा, आणि तो किती हळू असताना मुलाला ऐकू आला ते टिपतात. अत्यंत कामाची तपासणी, माझं पोट तिच्यावर चालतं. पण डोक्यावर पंखा घरघरतोय, बाकं सरकताहेत, शेजारच्या वर्गात पाढे चाललेत आणि बाई फळ्याकडे तोंड करून बोलताहेत, यातून बाईंचं वाक्य वेगळं काढता येतं का, हे ती तपासणी विचारतच नाही. शिवाय ती त्या दिवसापुरती खरी असते. आणि तुम्ही नेमका मे महिना निवडलात. नाशकात मे महिन्यात किती मुलांची नाकं वाहतात?

पाऊस सुरू झाला की माझ्याकडे तिसरी-चौथीपर्यंतच्या मुलांची रांग लागते आणि थंडीत निफाडचा पारा पेपरात यायला लागला की ती आणखी वाढते. सर्दी झाली की नाक आणि मधला कान जोडणारी नळी बंद पडते, पडद्यामागे पाणी साचतं आणि हळूहळू चिकट होतं. याला ग्लू इअर म्हणतात. कान दुखेलच असं नाही, वाहत नाही, ताप नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पाण्यात बुडी मारून काठावरचं बोलणं ऐकावं तसं त्या मुलाला ऐकू येतं. त्यातही या आठवड्यात कमी, पुढच्या आठवड्यात बरं. मग घरचे म्हणतात, 'हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं याला!' अहो, ऐकण्यात असा चढउतार होणं हेच तर याचं लक्षण.

यासाठी टिम्पॅनोमेट्री करून घ्या. पुष्कळ ठिकाणी 'इम्पिडन्स' म्हणतात. कानात रबरी टोक बसवतात, हवेचा दाब कमीजास्त होतो, मुलाला उत्तर वगैरे काही द्यायचं नसतं, मिनिटभरात होते. आलेखाला नीट टोक आलं तर पडदा हलतोय. आलेख सपाट आला ('बी टाइप') आणि कानात मळ किंवा पडद्याला भोक नसेल, तर मागे पाणी असण्याची दाट शक्यता. प्युअर टोनही त्याच दिवशी पुन्हा करा. दोन्ही एका दिवशी झाल्या तरच एकमेकींशी लावून बघता येतात. आणि एक सांगा: तोंड उघडं टाकून झोपतो का, घोरतो का? तसं असेल तर नाकामागची गाठ, अ‍ॅडेनॉइड, वाढलेली असू शकते. ते कान-नाक-घसा डॉक्टर बघतील.

आता घरी काय बघायचं. कृपा करून मागे उभं राहून थाळी वाजवू नका. ही परीक्षा आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या घरात झालेली असते आणि मूल वळलं म्हणून दोन-दोन वर्षं वाया गेलेली असतात. थाळी, टाळी, दार आपटणं यात सगळ्या पट्टीचा आवाज असतो, शिवाय जमिनीचा हादरा आणि अंगावर येणारी सावली. बोलण्यातला स, श, फ, क, ट मात्र हळू आणि बारीक असतो. थाळीला वळणाऱ्या मुलाला 'सात' आणि 'हात' यातला फरक ऐकू येतोच असं नाही. तुमच्या मुलाच्या चुका बघा: स्वर सगळे बरोबर, गेलंय ते फक्त पहिलं व्यंजन. निव्वळ लक्ष नसलेलं मूल असं चुकत नाही, ते अख्खा शब्द सोडून देतं किंवा ओळच गाळतं. म्हणून शुद्धलेखनाच्या त्या वह्या टाकू नका, तपासणीला घेऊन जा. शेऱ्यांपेक्षा मला त्या जास्त सांगतात.

पंधरा दिवस एका कागदावर टिपा: काय सांगितलं, त्याला काय ऐकू आलं, तेव्हा तुम्ही कुठे होता आणि आजूबाजूला काय चालू होतं. मिक्सर? टीव्ही? धोधो पाऊस? तोंड दिसत होतं का? हाक मारल्यावर तो तुमच्याकडे बघतो की भलत्याच दिशेला? फोन कायम एकाच कानाला लावतो का? शेवटचे दोन प्रश्न मुद्दाम विचारतेय, कारण एका कानाने अजिबात ऐकू न येणारी मुलं वर्षानुवर्षं सापडत नाहीत. शांततेत त्यांचं सगळं बरोबर चालतं. गालगुंड होऊन गेल्यावर एक कान कायमचा गेलेला आणि घरात कोणाला पत्ता नाही, अशी मुलं आम्ही बघतो.

समजा प्युअर टोनही चांगली आली, पडदाही चांगला निघाला आणि तरी गोंगाटात गाडी अडतेच. मग पुढची पायरी असते, कानाने ऐकलेलं मेंदू कसं लावतो ते बघण्याची. दोन्ही कानांत एकदम वेगवेगळे आकडे ऐकवणं, गोंगाट लावून शब्द म्हणवून घेणं अशा तपासण्या असतात. त्या साधारण सात वर्षांनंतरच भरवशाच्या ठरतात, तुमचा मुलगा त्या वयाचा आहे. शब्द मराठीतले वापरतात ना, हे आधी विचारून घ्या. या निदानाच्या सीमा कुठे आखायच्या यावर आमच्यातच वाद आहेत, आणि लक्षाची अडचण, भाषेची अडचण आणि ही, तिन्ही एकाच मुलात असू शकतात. ढोबळ खूण एवढीच, की लक्षाची अडचण असलेलं मूल वाचताना, चित्र काढताना, डबा खातानाही भरकटतं. तुमचा तर पुस्तक घेऊन बसतो म्हणता. त्यामुळे समुपदेशक नंतर, आधी कान.

आणि तेल नको. लसणाचं नको, कोमट नको, आजीच्या हातचं तर नकोच नको.

सासऱ्यांबद्दल रात्री लिहिते, ओपीडी सुरू झाली.

पेठरोडच्या बाई

कानसेन ताईंनी सगळं लिहिलंच आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले, सगळी नोकरी पेठ-दिंडोरीकडे. वर्गात बसून दिसतं ते सांगते.

'वह्या काढा' म्हटलं की वर्ग वह्या काढतो. एखादं पोर आधी शेजाऱ्याच्या हाताकडे बघतं, मग स्वतःची वही काढतं. रोज. प्रत्येक सूचनेला. ते आळशी नसतं, उलट वर्गातलं सगळ्यात सावध पोर तेच. कवितेत शब्द पुटपुटतं, चाल मात्र अचूक धरतं. प्रश्न विचारला तर भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतं, मग पोरं हसतात, मग ते हात वर करायचंच सोडून देतं. माझ्या एका शाळेला पत्र्याचं छत होतं. पाऊस आला की निम्मा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसायचा, तेव्हा या पोरांना वर्षभर कसं वाटत असेल ते मला कळायचं.

शाळेत आरोग्य पथक येतं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून), शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यांना नुसती यादी देऊ नका, 'याचे कान बघा' असं नाव घेऊन सांगा. पुढची तपासणी सरकारीत होते. ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांच्यासाठी लिहिलं.

अंबडकर जुना

सासरेबुवांच्या जागी मीच आहे असं समजा. मीपण प्रेसवर होतो, अंबडला. एका शेडमध्ये वीस-बावीस प्रेस एकदम चालायच्या, शेजारच्याशी हातवारे करून बोलायचो. कानात कापूस घालायचो. कापसाने आवाज अडत नाही, फक्त घातल्याचं समाधान.

सांगायची गोष्ट ही की माणसाला स्वतःला कळत नाही. खरंच कळत नाही. मला बोलणं मोठ्यानेच ऐकू यायचं, फक्त शब्द लागायचे नाहीत. म्हणून वाटायचं आजकालची पोरंच तोंडातल्या तोंडात बोलतात. नातवाला ताप होता, थर्मामीटर वाजला असं सगळे म्हणाले, मला काहीच वाजलेलं कळलं नाही. पावसाळ्यात रातकिडे बंद झालेत असं मी सुनेला सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली, बाहेर किर्रर्र चाललं होतं. त्यांना 'तुम्हाला ऐकू येत नाही' म्हणू नका, भांडण होईल. थर्मामीटर वाजवून दाखवा.

कानाचं मशीन लावल्यावर सुरुवातीचे काही आठवडे वैताग. पेपरची पानं, स्वतःच्या चपला, बेसिनचा नळ, सगळं डोक्यात जातं. अनेकजण इथेच मशीन डबीत ठेवून देतात. घरात शांत वेळी लावायला सुरुवात करा, द्वारका चौकात नको.

ज्यांची नोकरी अजून चालू आहे त्यांच्यासाठी: आवाजाने जाणारी श्रवणशक्ती ही कायद्याने व्यवसायजन्य आजारात धरली आहे, कामगार राज्य विमा (ईएसआयसी) असलेल्यांनी कागदपत्रं नीट ठेवावीत. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या शेडमध्ये मीटर कधी कोणी आणलाच नाही.

कानसेन

@अंबडकर काका, तुमचा प्रतिसाद छापून वेटिंग रूममध्ये लावते, चालेल?

सासऱ्यांचं पुढे लिहिते. वय आणि प्रेस दोघांनी मिळून आधी बारीक पट्टी नेली असणार. आवाजाने गेलेल्या कानाच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. बाईचा आणि लहान मुलाचा आवाज मुळात बारीक, त्यामुळे तुमच्या नवऱ्याचं ऐकू येतं आणि तुमचं नाही यात बिचाऱ्यांचा काही डाव नसतो. (@तर्रीबाज, वडिलांनाही घेऊन या.) 'मोठ्याने बोल' आणि लगेच 'ओरडू नको' हेही खरंच असतं. अशा कानात 'ऐकू आलं' आणि 'सहन होत नाही' यातलं अंतर फार कमी उरतं. म्हणून आवाज चढवू नका. समोर या, आधी नाव घ्या, सावकाश बोला, आणि नाही कळलं तर तेच वाक्य जोरात न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा. मिसळीला गेलात तर त्यांना भिंतीकडे पाठ करून कोपऱ्यात बसवा आणि भटारखान्यापासून लांब.

मिसळीच्या टेबलावर गप्प होणं मला टीव्हीच्या आवाजापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. माणूस हळूहळू लग्नाला जायचं टाळतो, मग कट्ट्यावर जायचं, मग फोन उचलायचं. स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ज्या गोष्टींवर काम करता येतं, त्यांत न हाताळलेली श्रवणहानी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ पासून धरली आहे. मशीन लावलं की स्मृतिभ्रंश होणारच नाही असं कोणी म्हटलं तर मात्र त्याच्याकडून मशीन घेऊ नका.

आधी मळ काढून घ्या, मग प्युअर टोन आणि शब्दांची तपासणी. ऑनलाइन मिळणारे स्वस्त आवाज-वाढवे नकोत, ते सगळ्या पट्ट्या सारख्याच वाढवतात आणि आजोबांना फक्त भांडी जास्त ऐकू येतात. उत्पन्न कमी असेल आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र बसत असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळतं.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा, कोणाच्याही घरी असो: सकाळी उठल्यावर एक कान अचानक गेला, तर 'सर्दीने दडे बसले असतील' म्हणून आठवडाभर थांबायचं नाही. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर. त्यावरच्या स्टिरॉइडचा उपयोग जितक्या लवकर तितका जास्त.

इंदिरानगरकरीण

उशिरा लिहितेय, पण रिपोर्ट आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

टिम्पॅनो: उजवा कान बी, डावा सी. प्युअर टोनही या वेळी दोन्ही बाजूंनी घसरलेली, उजवीकडे ३५ डेसिबलच्या आसपास. घोरतो, हो, आणि तोंड उघडंच असतं. डॉक्टर म्हणाले तीन महिने थांबू, बरेचदा आपोआप निचरा होतो, नाही झाला तर ग्रोमेट आणि अ‍ॅडेनॉइडचं बोलू. नवरा रिपोर्ट बराच वेळ वाचत बसला होता. आता हाक न मारता खोलीत जाऊन बोलतो.

शाळेत पहिल्या बाकावर बसवायला सांगू का? बाई आता ऐकायला तयार आहेत.

सासरे 'फक्त मळ काढायला' यायला तयार झालेत. थर्मामीटरचा प्रयोग केला. म्हणाले, सेल गेलाय त्याचा.

कानसेन

सी म्हणजे डाव्या कानात दाब कमी झालाय, नळी धड चालत नाहीये. तोही महिनाभरात कुठल्याही बाजूला जाऊ शकतो, म्हणून तीन महिन्यांनी दोन्ही कान पुन्हा बघायचे. सपाट आलेख तसाच राहिला आणि ऐकणंही कमीच, तर ग्रोमेटला घाबरू नका, पडद्यात बसवायची बारीकशी नळी असते, बहुधा वर्षभरात आपली आपण बाहेर पडते.

पहिला बाक नको. पहिल्या बाकावरच्या मुलाला मागचं उत्तर कोण देतंय ते दिसत नाही. दुसरी रांग, थोडं कडेला, डावा कान वर्गाकडे आणि उजवा भिंतीकडे. खिडकीतून रस्त्याचा आवाज येत असेल तर ती बाजू टाळा, पंख्याच्या बरोबर खालची जागाही. बाईंना दोनच विनंत्या करा: फळ्याकडे तोंड असताना सूचना द्यायची नाही, आणि 'समजलं का?' असं विचारायचं नाही. सगळी मुलं 'हो' म्हणतात. 'मी काय सांगितलं?' असं विचारलं की लगेच कळतं. शुद्धलेखनाचे मार्क तीन महिने बाजूला ठेवता आले तर उत्तम.

शाळेतून आल्यावरचा तो पालथं पडायचा अर्धा तास त्याला द्या. दिवसभर अर्धवट शब्दांवरून वाक्यं जुळवून दमतो तो.

सेल बदलून परत प्रयोग करा. 😀

पंचवटीचा ढोल्या

जरा अवांतर. मुलगी या वर्षी ढोल पथकात गेलीय, गणपतीचा सराव जोरात चाललाय. सराव संपला की कानात शिट्टी वाजते म्हणते, सकाळपर्यंत जाते. आम्हीपण नाशिक ढोल वाजवूनच मोठे झालो, आम्हाला काही झालं नाही. काळजी करायची का?

कानसेन

अवांतर कसलं, हाच तर विषय. तुम्हाला काही झालं नाही हे शेवटचं कधी तपासलंत?

शिट्टी वाजली म्हणजे आवाज कानाच्या सोसण्यापलीकडचा होता. सकाळी जाते तोवर कान सावरतोय, पण प्रत्येक वेळी पूर्ण सावरेल याची खात्री नाही. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरलं, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. ढोल-ताशाचा सराव १०० वर सहज जातो, आणि ताशाची काडी ढोलापेक्षा कानाला वाईट. तिला ताशाच्या रांगेच्या लगेच पुढे उभं करू नका, मधे थोडा वेळ लांब जाऊन बसू द्या. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोट ठेवायचं. ताल चुकत नाही, विचारा कोणत्याही लावणाऱ्याला. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर सराव बंद आणि तपासणी.